बॅटर्सीचे खासदार शापुरजी सकलातवाला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटिश संसदेत निवडून गेलेल्या भारतीयांचा विषय निघाला की दादाभाई नवरोजींचं नाव येतं आणि बहुतेकदा गोष्ट तिथेच संपते. त्यांच्यानंतर तीस वर्षांनी मुंबईचा आणखी एक पारशी माणूस त्याच सभागृहात गेला. तोही लंडनच्या कामगार वस्तीतून, कम्युनिस्ट म्हणून. आपल्याकडे त्यांची ओळख 'टाटांचा कम्युनिस्ट भाचा' एवढ्यावर उरकली जाते, आणि मला ते फार अपुरं वाटतं. त्यांच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

शापुरजी सकलातवाला कोण होते? थोडक्यात सांगा.

जन्म मुंबईत, २८ मार्च १८७४. शिक्षण सेंट झेवियर्समध्ये. १९०५ पासून इंग्लंडमध्ये वास्तव्य. दक्षिण लंडनमधल्या नॉर्थ बॅटर्सी मतदारसंघाचे खासदार, आधी १९२२-२३ मध्ये आणि नंतर १९२४ ते १९२९. ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे सभासद. मृत्यू लंडनमध्ये, १६ जानेवारी १९३६.

संसदेत गेलेले ते कितवे भारतीय?

साधारणपणे तिसरे मानले जातात. दादाभाई १८९२ मध्ये लिबरल पक्षाकडून सेंट्रल फिन्सबरीतून अगदी हातावर मोजण्याइतक्या मतांनी निवडून आले. मंचेरजी भावनगरी १८९५ ते १९०६ अशी अकरा वर्षं बेथनल ग्रीनचे कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार होते. तिसरे सकलातवाला. तिघेही पारशी, तिघेही मुंबईचे, आणि तिघांचे पक्ष वेगवेगळे. भावनगरी साम्राज्याचे समर्थक होते. दादाभाईंनी साम्राज्याच्या चौकटीत राहून भारताच्या लुटीचा हिशेब मांडला. सकलातवालांना ती चौकटच नको होती.

त्याही आधी, १८४१ मध्ये, उत्तर भारतातल्या सरधना संस्थानावर राज्य केलेल्या बेगम समरूचे वारस डाइस सोम्ब्र सडबरीतून निवडून आले होते. पण लाचखोरीच्या आरोपावरून ती निवडणूक रद्द झाली. त्यांच्या अंगात काही अंशीच भारतीय रक्त होतं, म्हणून त्यांना मोजायचं की नाही यावर एकमत नाही. सकलातवालांच्या नंतरच्या काळात ठळकपणे घेतलं जाणारं नाव कीथ वाझ यांचं. गोव्याकडच्या कुटुंबातले वाझ १९८७ मध्ये लेस्टरमधून निवडून आले. मधल्या रिकाम्या काळाची लांबी पाहिली की बॅटर्सीच्या मतदारांनी केलेल्या निवडीचं मोल कळतं.

टाटांशी त्यांचं नातं नेमकं काय?

त्यांची आई जेरबाई ही जमशेटजी टाटांची सख्खी बहीण. म्हणजे जमशेटजी त्यांचे मामा. शापुरजींच्या पौगंडावस्थेतली वर्षं फोर्टमधल्या एस्प्लनेड हाऊसमध्ये, टाटांच्या वाड्यातच गेली. जमशेटजींचा या भाच्यावर जीव होता. पुढे पोलादाच्या कारखान्यासाठी लोहखनिजाचा शोध सुरू झाला तेव्हा रानावनांत हिंडणाऱ्यांमध्ये शापुरजीही होते. त्या भटकंतीत जडलेल्या मलेरियाने नंतर बरीच वर्षं त्यांची पाठ सोडली नाही. आज जमशेदपूरची गोष्ट सांगताना हा भाग क्वचितच कुणी सांगतं.

टाटा समूहाचे अध्यक्ष असलेले सकलातवाला ते हेच का?

नाही. ते सर नवरोजी सकलातवाला. १९३२ ते १९३८ या काळात ते टाटा सन्सचे अध्यक्ष होते. तेही टाटांच्याच नात्यातले, पण माणूस वेगळा.

एवढ्या सुखवस्तू घरातला मुलगा डावीकडे कसा वळला?

एका रात्रीत नाही. सुरुवात मुंबईच्या प्लेगपासून धरावी लागते. १८९६ मध्ये शहरात प्लेग पसरला आणि वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट ज्यांच्या नावाने आहे, तेच हे हाफकिन. तरुण शापुरजी त्यांच्यासोबत काम करत होते. लस घ्यायला लोक घाबरत होते. चाळींत जाऊन त्यांना समजवायचं, आजारी माणसं शोधायची, हे ते काम. एका खोलीत किती माणसं राहतात, आजार आधी कुणाच्या दारात येतो, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं.

त्या काळातली एक आठवण त्यांच्या घरच्यांनी जपली होती. हाफकिन यांना भेटण्यासाठी त्यांना एका गोऱ्यांच्या क्लबमध्ये जावं लागलं. पुढच्या दारातून नेटिव्ह माणसाला प्रवेश नव्हता, म्हणून त्यांना मागच्या बाजूने आत घेतलं गेलं. शहरातल्या सर्वांत श्रीमंत घरांपैकी एका घरातला हा मुलगा, आणि प्लेगच्या कामासाठी आलेला. तरीही दार मागचंच.

इंग्लंडला गेल्यावर दुसरी बाजू दिसली. गोरा कामगारही उपाशी राहू शकतो, भाडं थकलं म्हणून त्याचंही सामान रस्त्यावर येऊ शकतं, हे त्यांनी मँचेस्टरच्या परिसरात पाहिलं. १९०९ मध्ये ते इंडिपेंडंट लेबर पार्टीत गेले. रशियन क्रांतीने त्यांना आणखी पुढे नेलं आणि १९२१ मध्ये त्यांनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला.

ते इंग्लंडला का गेले?

टाटांच्या मँचेस्टर कार्यालयाचं काम आणि बिघडलेली तब्येत, ही दोन कारणं. भाच्याची मतं घरच्या धंद्याला अडचणीची ठरू लागली होती म्हणून त्यांना दूर पाठवलं, असंही म्हणतात. हवापालटासाठी ते डर्बीशरमधल्या मॅटलॉकला राहिले होते. तिथे सारा मार्श या कामकरी घरातल्या तरुणीशी ओळख झाली आणि १९०७ मध्ये दोघांचं लग्न झालं. त्यांना पाच मुलं झाली.

टाटांकडे नोकरी आणि कम्युनिस्ट पक्षाचं काम, हे एकत्र कसं जमलं?

बरीच वर्षं जमलं, शेवटी नाही जमलं. टाटांच्या लंडन कार्यालयात कापूस विभागाचं काम त्यांच्याकडे होतं. खासदार झाल्यावर हा ताण वाढत गेला आणि १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्या वेळी खासदाराला वर्षाला ४०० पौंड मिळत. पदरी पाच मुलं. मामाच्या घराण्याशी जुळवून घेतलं असतं तर त्यांना आयुष्यभर पैशांची ददात पडली नसती. ते त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी नोकरी सोडली. हा निर्णय मला त्यांच्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बोलका वाटतो.

बॅटर्सीने एका भारतीयाला निवडून कसं दिलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर बॅटर्सीतच आहे. थेम्सच्या दक्षिण काठावरची ही वस्ती रेल्वेचे कामगार, गॅसवाले, कारखान्यांतले मजूर आणि आयरिश कुटुंबं यांची. ज्या पॉवर स्टेशनसाठी बॅटर्सी आज ओळखलं जातं, ते तेव्हा उभंही राहिलेलं नव्हतं. इथे १८९२ पासून १९१८ पर्यंत कामगार पुढारी जॉन बर्न्स खासदार होते. इथल्या नगर परिषदेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ठेकेदाराला फाटा देऊन, स्वतःचे कामगार लावून लॅचमेअर इस्टेट ही वसाहत बांधली होती. १९१३ मध्ये इथल्या नगरसेवकांनी जॉन आर्चर यांना महापौर केलं. आर्चर यांचे वडील बार्बाडोसचे, आई आयरिश. लंडनमध्ये कृष्णवर्णीय माणूस महापौर होण्याची ती पहिलीच वेळ. १९१८ मध्ये इथून मताधिकारासाठी लढणाऱ्या शार्लट डेस्पार्ड उभ्या राहिल्या होत्या.

म्हणजे सकलातवाला आले तेव्हा जमीन नांगरलेली होती. हेच जॉन आर्चर त्यांचे निवडणूक प्रतिनिधी झाले. दारोदार फिरणं, सभा लावणं, मतदारयाद्या तपासणं हे सगळं स्थानिक लेबर पार्टी आणि कामगार संघटनांच्या माणसांनी केलं. उमेदवाराचा रंग हा त्या माणसांच्या दृष्टीने मुद्दाच नव्हता. आपल्या घरभाड्याबद्दल आणि बेकारीबद्दल हा माणूस सरकारला जाब विचारेल का, एवढं ते पाहत होते. विरोधकांनी 'परका' म्हणून हिणवून पाहिलं, पण बॅटर्सीत ते फारसं चाललं नाही.

त्यांनी किती निवडणुका लढवल्या आणि निकाल काय लागले?

नोव्हेंबर १९२२ मध्ये लेबर पार्टीच्या पाठिंब्याने ११,३११ मतं मिळवून ते जिंकले. कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आणि लेबरचे अधिकृत उमेदवार असं दोन्ही एकाच वेळी असणं तेव्हा शक्य होतं. त्याच निवडणुकीत स्कॉटलंडमधल्या मदरवेलहून वॉल्टन न्यूबोल्ड कम्युनिस्ट म्हणून निवडून आले. सुमारे वर्षभरानंतर, डिसेंबर १९२३ मध्ये, पुन्हा निवडणूक झाली. सकलातवालांची मतं वाढली, पण विरोधकांची त्याहून जास्त वाढली. १८६ मतांनी ते पडले.

१९२४ ची निवडणूक मात्र खास सांगण्यासारखी आहे. लेबर पार्टीने त्या वर्षी ठराव करून कम्युनिस्टांना उमेदवारी बंद केली. शिवाय मतदानाच्या चार दिवस आधी वर्तमानपत्रांत सोव्हिएत नेते झिनोव्हिएव्ह यांच्या नावाचं 'झिनोव्हिएव्ह पत्र' झळकलं. मॉस्कोहून ब्रिटनमध्ये बंड घडवण्याच्या सूचना आल्याचा त्यात दावा होता. पुढे ते पत्र बनावट मानलं गेलं, पण त्या आठवड्यात देशभर लाल भीती पसरली आणि लेबरचं सरकार गेलं. अशा वातावरणात हा माणूस उघडपणे कम्युनिस्ट म्हणून उभा राहिला. १५,०९६ मतं घेऊन ५४२ मतांनी निवडून आला. संपूर्ण सभागृहात तेव्हा तो एकटाच कम्युनिस्ट होता. बॅटर्सीच्या लेबर कार्यकर्त्यांनी पक्षश्रेष्ठींचं न ऐकता त्यांना साथ दिली म्हणूनच हे घडलं. त्याची किंमतही त्यांनी मोजली. कम्युनिस्टांना बाहेर काढायला नकार दिला म्हणून १९२६ मध्ये बॅटर्सीच्या स्थानिक संघटनेलाच लेबर पार्टीने वेगळं केलं.

संसदेत ते फक्त भारताबद्दलच बोलायचे का?

हा आरोप तेव्हाही झाला. कामकाजाच्या नोंदी वाचल्या तर तो टिकत नाही. घरभाडं, बेकारी भत्ता, घरांची टंचाई, खाण कामगारांची मजुरी यांवर ते सारखे उठून बोलत. सभागृहात आल्या आल्याच त्यांनी आयर्लंडवर भूमिका घेतली. आयर्लंडशी झालेल्या करारातून खरं स्वातंत्र्य मिळत नाही आणि म्हणून शांतताही येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

भारताचा विषय ते ज्या पद्धतीने मांडत, ती मात्र अगदी त्यांची स्वतःची होती. तिच्यावर थोडं थांबायला हवं. ते भारतावर दया दाखवा असं सांगत नसत. ते ब्रिटिश कामगाराला त्याच्याच हिताचा हिशेब दाखवत. मुंबईच्या गिरणीत किंवा कलकत्त्याच्या ताग कारखान्यात मजूर कवडीमोलाने राबवता येतो, तोवर लँकेशर आणि डंडीच्या मजुराची मजुरीही खालीच ओढली जाणार. भांडवल जिथे स्वस्तात माणूस मिळेल तिथे जातं. तेव्हा भारतातल्या कामगाराला संघटना करण्याचा हक्क मिळणं, ही बॅटर्सीच्या कामगाराचीच गरज आहे. ते म्हणत की हा एकच लढा आहे आणि त्याची दोन टोकं दोन देशांत आहेत. याच विचारातून त्यांनी १९१७ च्या सुमारास लंडनमध्ये 'वर्कर्स वेल्फेअर लीग ऑफ इंडिया' उभी करण्यात पुढाकार घेतला.

गिरणगावात पिढ्या काढलेल्या कुटुंबांना हा युक्तिवाद वेगळा समजावून सांगायची गरज नाही. कापड कुठे स्वस्त पडतं यावर आपल्या भोंग्याचं काय होणार ते ठरतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सायमन कमिशनबद्दल त्यांची भूमिका काय होती?

नोव्हेंबर १९२७ मध्ये हा विषय सभागृहात आला तेव्हा त्यांनी कडाडून विरोध केला. भारताचं भवितव्य ठरवणाऱ्या मंडळात एकही भारतीय नाही, हा रोष आपल्याकडे सर्वांचा होता. त्यांचा आक्षेप आणखी मुळाशी जाणारा होता. एका देशाने दुसऱ्या देशाची लायकी तपासायची, हा अधिकारच त्यांना मान्य नव्हता.

खासदार असताना ते तुरुंगात का गेले?

१ मे १९२६ रोजी, सार्वत्रिक संप सुरू होण्याच्या तोंडावर, लंडनच्या हाइड पार्कमध्ये कामगारांची प्रचंड सभा झाली. सकलातवालांनी तिथून सैनिकांना आवाहन केलं की संपावरच्या आपल्याच भावांवर गोळ्या झाडू नका. ४ मे रोजी त्यांना अटक झाली. शांतता राखीन अशी हमी लिहून द्या आणि घरी जा, असा पर्याय न्यायालयाने ठेवला होता. म्हणजे सुटका त्यांच्याच हातात होती. त्यांनी सही करायला नकार दिला आणि दोन महिने वर्मवुड स्क्रब्जच्या तुरुंगात काढले. त्या संपात अगदी पहिल्यांदा पकडल्या गेलेल्यांपैकी ते एक. सुटल्यावर पुन्हा सभागृहात आपल्या जागेवर.

अमेरिकेने त्यांना व्हिसा नाकारला होता, हे खरं का?

खरं आहे. १९२५ मध्ये वॉशिंग्टनला जगभरच्या संसद सदस्यांची परिषद होती आणि ब्रिटिश शिष्टमंडळात त्यांचं नाव होतं. परराष्ट्रमंत्री फ्रँक केलॉग यांनी त्यांचा व्हिसा रद्द केला.

१९२७ च्या भारत दौऱ्यात काय घडलं?

जानेवारीत ते मुंबईत उतरले आणि पुढचे काही आठवडे देशभर फिरले. सभांना तुफान गर्दी. मार्चमध्ये दिल्लीला झालेल्या आयटकच्या, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस या कामगार महासंघाच्या, अधिवेशनालाही ते हजर होते. इंग्लंडच्या संसदेत बसणारा आपल्यातलाच माणूस आपल्या मजुरीबद्दल बोलतोय, याचं अप्रूप मोठं होतं. पण हा दौरा आज लक्षात आहे तो गांधीजींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारामुळे.

गांधीजींशी त्यांचा वाद कशावरून झाला?

मार्च १९२७ मध्ये सकलातवालांनी गांधीजींना खुलं पत्र लिहिलं आणि त्यात त्यांना 'कॉम्रेड' म्हणून संबोधलं. मजकूर सडेतोड होता. चरख्याने गरिबी हटणार नाही. लोक तुमच्या पायांना हात लावतात, हे थांबवा. 'महात्मा' ही पदवी टाकून द्या. तुमच्यामागे एवढी जनता आहे, तर शेतकरी आणि कामगारांच्या संघटना बांधायला ती वापरा. अहमदाबादच्या मजूर महाजनाला, म्हणजे तिथल्या गिरणी कामगारांच्या संघटनेला, देशाच्या कामगार चळवळीपासून अलग ठेवू नका.

गांधीजींनी 'यंग इंडिया'मध्ये उत्तर दिलं. सुरुवातच त्यांनी सकलातवालांच्या तळमळीला आणि त्यागाला दाद देऊन केली, आणि मग मुद्दे एकेक करून नाकारले. भांडवल आणि श्रम यांचं वैर अटळ आहे असं मला वाटत नाही, खादीतून गरिबाच्या हाताला काम मिळतं, आणि मजुरांना राजकारणाच्या सारीपाटावरचं प्यादं करायचं नाही, हा त्यांचा रोख होता.

दोघांची पत्रं शेजारी ठेवून वाचावीत. पायांना हात लावण्याबद्दल सकलातवाला जे बोलले, ते माझ्या मते शंभर टक्के बरोबर होतं. खादी मात्र त्यांना कळली नाही. वर्षातले काही महिने हाताला काम नसलेल्या खेड्यातल्या बाईला चार आणे मिळण्याचा अर्थ काय, हे बॅटर्सीतून दिसत नव्हतं. एवढा तीव्र मतभेद असूनही दोघांपैकी कुणी पातळी सोडली नाही.

त्यानंतर ते पुन्हा भारतात आले का?

नाही, येऊ दिलं गेलं नाही. दौऱ्यानंतर त्यांच्या पासपोर्टावरची भारताची परवानगी काढून घेण्यात आली. निवडून आलेल्या ब्रिटिश खासदाराला ब्रिटिश अंमलाखालच्या स्वतःच्या जन्मगावी जायला बंदी. १९२९ मध्ये लेबर पार्टीचं सरकार आलं, त्यांनीही ती उठवली नाही. मरेपर्यंत त्यांना मुंबई पुन्हा दिसली नाही.

कम्युनिस्ट असून त्यांनी मुलांची नवजोत का केली?

जुलै १९२७ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या कॅक्स्टन हॉलमध्ये पाचही मुलांची नवजोत झाली. सुद्रा (पवित्र सदरा) आणि कुस्ती (कमरेचा पवित्र धागा) देऊन मुलांना रीतसर पारशी धर्मात घेण्याचा हा विधी. मुलांची आई इंग्रज, बाप कम्युनिस्ट खासदार, त्यामुळे वर्तमानपत्रांना ही मेजवानीच होती. पक्षाने त्यांच्यावर जाहीर ठपका ठेवला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि पक्षातच राहिले. यात विसंगती आहे असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की समाजाशी असलेली नाळ तोडणं आणि मतं बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पारशी समाजात परजातीच्या आईच्या मुलांना आपलं मानायचं का, हा वाद तेव्हाही पेटलेला होता. त्या वादात त्यांची मुलं पाऊल ठेवून आत आली.

१९२९ मध्ये ते का हरले?

कम्युनिस्ट पक्षाने धोरण बदललं. 'वर्गाविरुद्ध वर्ग' अशी घोषणा आली आणि लेबर पार्टी हीच मुख्य शत्रू ठरली. ज्या लेबर कार्यकर्त्यांच्या खांद्यावर बसून बॅटर्सी जिंकली होती, त्यांच्याशीच भांडण. लेबरने स्टीफन सँडर्स यांना उभं केलं आणि आर्चरही तोवर लेबरच्याच बाजूला गेले होते. सकलातवाला ६,५५४ मतांवर, तिसऱ्या क्रमांकावर राहिले. पुढे १९३० मध्ये ग्लासगोमधल्या शेटल्स्टनची पोटनिवडणूक आणि १९३१ मध्ये पुन्हा बॅटर्सी लढवली, पण काही उपयोग झाला नाही.

पक्षाच्या या धोरणाने ब्रिटनमधल्या सर्वांत चांगल्या एकजुटीचा बळी दिला, असं माझं स्पष्ट मत आहे. सकलातवालांनी ते धोरण मनापासून उचलून धरलं होतं, हेही लपवण्यात अर्थ नाही. सोव्हिएत संघाबद्दलही त्यांची निष्ठा प्रश्न न विचारणारी होती.

महाराष्ट्रातल्या कामगार चळवळीशी त्यांचा संबंध होता का?

होता, दुरून पण पक्का. मार्च १९२९ मध्ये मेरठ कटाच्या खटल्यात, म्हणजे ब्रिटिश सत्ता उलथवण्याचा कट केल्याच्या आरोपावरून, श्रीपाद अमृत डांगे, एस. व्ही. घाटे, के. एन. जोगळेकर, आर. एस. निंबकर, एस. एस. मिरजकर, गंगाधर अधिकारी अशी मुंबईची माणसं पकडली गेली. आदल्याच वर्षी गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला होता. आरोपींत फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडली हे इंग्रजही होते. खटला वर्षानुवर्षं रेंगाळला. खासदारकी गेलेल्या सकलातवालांनी ब्रिटनमध्ये गावोगावी सभा घेऊन या कैद्यांची बाजू मांडली.

स्पेनच्या युद्धात त्यांच्या नावाची तुकडी होती, हे खरं का?

हो. ते गेले जानेवारी १९३६ मध्ये. त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी पेटली, आणि फ्रँकोविरुद्ध लढायला गेलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या बटालियनला सुरुवातीला सकलातवालांचं नाव दिलं होतं.

त्यांची समाधी कुठे आहे?

सरे परगण्यात, ब्रुकवुडच्या दफनभूमीतल्या पारशी विभागात. दहनानंतर त्यांच्या अस्थी तिथे ठेवल्या गेल्या. १९०४ मध्ये जर्मनीत वारलेले जमशेटजी टाटाही तिथेच आहेत. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून ब्रुकवुडला थेट गाडी जाते.

त्यांची भाषणं मुळातून वाचायची असतील तर?

ब्रिटिश संसदेच्या कामकाजाची नोंद, म्हणजे हॅन्सार्ड, इंटरनेटवर मोफत आहे. तिथे खासदाराच्या नावाने शोध घेता येतो आणि सकलातवालांची भाषणं वर्षवार मिळतात. सुरुवात नोव्हेंबर १९२२ पासून करा, मग थेट नोव्हेंबर १९२७ मधली सायमन कमिशनवरची चर्चा उघडा. मध्येच येणारे टोमणे आणि त्यांना त्यांनी जागच्या जागी दिलेली उत्तरंही तिथे जशीच्या तशी छापलेली आहेत, ती गाळू नका. गांधीजींचं उत्तर त्यांच्या संकलित वाङ्मयात, मार्च १९२७ च्या मजकुरात सापडेल.